तोंड एकच बोट उघडतं, आणि मॅडम म्हणतात जागेपणी नळी घालू

पत्र

डॉक्टर ताई, नमस्कार. आम्ही नागपूरला नंदनवनात राहतो. माझे मिस्टर ४३ वर्षांचे आहेत, कळमना मार्केटमध्ये एका आडत्याकडे हिशेबाचं काम करतात. त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले आहेत. दोन महिन्यांत तीनदा रात्री पोट धरून बसले, तेव्हा कुठे ऑपरेशनला तयार झाले. तपासणीला गेलो तर भूल देणाऱ्या मॅडमनी तोंड उघडायला लावलं, पट्टीने मोजलं आणि म्हणाल्या, १६ मिलिमीटर. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाता का, असं विचारलं. हे म्हणाले, दोन वर्षांपूर्वीच सोडला. ताई, तेव्हासुद्धा खिशात पन्नी होती.

मॅडम म्हणाल्या, तुम्हाला आधी झोपवून श्वासाची नळी घालणार नाही, जागेपणी नाकातून दुर्बिणीने घालू. वर एका कागदावर, वेळ पडली तर गळ्याला छिद्र करावं लागेल, यासाठी सही घेतली. तेव्हापासून हे ऑपरेशनच नको म्हणतात. यांचा मित्र म्हणतो, दुसऱ्या दवाखान्यात चल, तिथे सरळ झोपवून करतात. सासूबाई म्हणतात, पाठीत इंजेक्शन देऊन करा. आणखी एक. पाच वर्षांपूर्वी यांच्या नाकाच्या हाडाचं ऑपरेशन ठरलं होतं. आत नेलं आणि तासाभराने काहीच न करता बाहेर आणलं. ओठ सुजलेला, पुढच्या दाताचा टवका उडालेला. "आज जमलं नाही, नंतर पाहू," एवढंच सांगितलं. बिल मात्र घेतलं. हे आम्ही मॅडमना सांगितलं नाही, यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. त्यांच्या माघारी सांगू का?

ता. क. मॅडमनी दाढीही काढायला सांगितली आहे. ती मुलीच्या बारावीसाठी टेकडीच्या गणपतीला बोललेली आहे. काढावीच लागेल का?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही "आणखी एक" म्हणून शेवटाला टाकली आहे. पाच वर्षांपूर्वीचं ते न झालेलं ऑपरेशन. खर्रा, मित्र, सासूबाई या सगळ्यांवर मी पुढे बोलतेच, पण आधी हे: मॅडमना ते सांगा. मिस्टर स्वतः सांगत असतील तर फार चांगलं. नसतील तर त्यांच्या माघारी सांगा, उद्याच, आणि त्यात मनाला लावून घेऊ नका. नवऱ्याचं पाप उघडं करताय असं त्यात काही नाही. त्यांच्या गळ्याची माहिती तुम्ही पोचवताय, इतकंच.

त्या दिवशी "काहीच केलं नाही" असं तुम्ही लिहिता. केलं होतं. तुमच्या वर्णनावरून मला दिसतं ते असं: त्यांना भूल दिली गेली, नळी घालायचा प्रयत्न झाला, नळी गेली नाही, आणि डॉक्टरांनी त्यांना परत जागं केलं. नळी घालताना लॅरिंगोस्कोप नावाचं वाकडं पातं तोंडात सरकवून जीभ उचलावी लागते. तोंडात जागा नसली की त्या पात्याचा भार ओठावर आणि वरच्या दातांवर येतो. सुजलेला ओठ आणि उडालेला टवका म्हणजे त्या झटापटीच्या खुणा.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं बोलते. थांबून त्यांना जागं करणं ही त्या दिवशीची सगळ्यात शहाणी गोष्ट होती. अडलेल्या गळ्यात नळी जात नसेल तर पुन्हापुन्हा तीच खटपट करत राहणं यानेच माणसं दगावतात. दर प्रयत्नाला घसा सुजतो, रक्त येतं, आणि आधी मास्कने आत जाणारा श्वासही जाईनासा होतो. म्हणून आपल्याकडच्या ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात प्रयत्न मोजून करायचे आणि वेळेत थांबायचं यावर भर आहे. ऑपरेशन ठरवून केलेलं असेल, घाईचं नसेल, तर माणसाला जागं करणं हा तिथे मान्य मार्ग आहे. नाकाचं हाड काही पळून जात नव्हतं.

चूक झाली ती नंतर, आणि तिथे तुमचा राग रास्त आहे. बिल घेतलं ते घेतलं, पण डिस्चार्ज कार्डावर चार ओळी लिहून द्यायला हव्या होत्या. तोंड किती उघडलं, कोणतं पातं वापरलं, किती वेळा प्रयत्न केला, आणि झोपलेल्या माणसाला मास्कने श्वास देता येत होता की नाही. ही शेवटची ओळ तर सोन्याच्या मोलाची. पुढच्या भूलतज्ज्ञाला तीच आधी हवी असते. "आज जमलं नाही" ऐकून घरी आलेल्या माणसाला वाटतं आपला दिवस वाईट होता. गळा वाईट आहे, हे त्याला कळतच नाही. मग पाच वर्षांनी तो दुसऱ्या टेबलावर जाऊन पडतो, आणि तिथल्या डॉक्टरला सगळं नव्याने, अंधारात चाचपत शिकावं लागतं. तुमच्या मॅडमनी पट्टी काढून मोजलं नसतं तर तेच झालं असतं.

तो जुना दवाखाना अजून चालू असेल तर जाऊन फाइल मागा. भुलीचा कागद वेगळा असतो, त्यावर दर पाच-दहा मिनिटांच्या नोंदी असतात. त्याची झेरॉक्स मागायचा तुम्हाला हक्क आहे. भांडायला जाऊ नका, भांडलात तर फाइल "सापडत नाही". नाहीच मिळाली तर तुम्हाला जे आठवतं तेच मॅडमना सांगा. सूज किती दिवस होती, घशातून रक्त आलं का, आवाज बसला होता का. त्यांना त्यातूनही पुष्कळ कळेल.

आता, झोपवून का नाही? पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन करायला पोटात गॅस भरतात, स्नायू सैल करणारं औषध देतात. त्या औषधाने श्वासाचे स्नायूही थांबतात. म्हणजे त्या क्षणापासून तुमच्या मिस्टरांचा श्वास आमच्या हाती. तो द्यायला श्वासनलिकेत नळी लागते. झोपवायच्या आधी दोन-तीन मिनिटं मास्कने निव्वळ ऑक्सिजन देऊन फुप्फुसं भरून घेतली, तर तब्येतीने ठीक असलेल्या माणसाचा साठा सात-आठ मिनिटं पुरू शकतो. ऑक्सिजन न भरता झोपवलं तर मिनिट-दीड मिनिटातच रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागतो. आणि गादीवर बसून हिशेब करणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसाला त्या सात-आठ मिनिटांतली अर्धीसुद्धा मिळत नाहीत. आमचं सगळं काम या मिनिटांत बसवायचं असतं.

एरवी नळी गेली नाही तरी आम्ही हातपाय गाळत नाही, कारण पुढच्या पायऱ्या असतात. साध्या पात्याने दिसलं नाही तर टोकाला कॅमेरा असलेलं पातं. तेही जमलं नाही तर आर्ची ब्रेन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८१ मध्ये काढलेला लॅरिंजियल मास्क, जो घशात जाऊन स्वरयंत्रावर टोपीसारखा बसतो. नाहीतर चेहऱ्यावर मास्क दाबून पिशवीने श्वास. आणि काहीच चाललं नाही तर गळ्याच्या पुढच्या बाजूने सुरीने वाट. आता तुम्हीच पाहा, यातल्या पहिल्या तिन्ही पायऱ्या तोंडातून जातात. सोळा मिलिमीटर म्हणजे जेमतेम एक बोट. धडधाकट माणसाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावतात. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत वरच्या तीन पायऱ्या तुटलेल्याच आहेत. उरला चेहऱ्यावरचा मास्क, आणि तोही चालला नाही तर एकदम गळा. मास्क बहुधा चालेल. पण झोपलेल्या, श्वास थांबलेल्या माणसाला "बहुधा"च्या भरवशावर सोडणारा भूलतज्ज्ञ मला माझ्या घरच्यांसाठी नको, तुमच्यासाठीही नको.

लोकांना वाटतं, झोपवलं की जबडा आपोआप सैल पडेल. मलाही वाटलं होतं. शिकत होते तेव्हाची, नव्वदीच्या शेवटची गोष्ट. आदल्याच आठवड्यात जबड्याला मार लागलेला एक पोरगा आला होता. जागेपणी त्याचं तोंड अर्धं बोट उघडेना, झोपवल्यावर सहज उघडलं. त्याचे स्नायू दुखण्याने आवळलेले होते, दुखणं गेलं की आवळणं गेलं. म्हणून पुढच्या आठवड्यात खर्रा खाणारा माणूस आला तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने भूल दिली, स्नायू सैल करणारं स्कोलीन दिलं. सगळं अंग सैल पडलं आणि तोंड तसंच राहिलं. लाकडाच्या पेटीचं झाकण गंजून बसावं तसं. मी बोटांनी जोर लावत होते आणि मागे मॉनिटरचा आवाज उतरत होता. ऑक्सिजन कमी व्हायला लागला की त्या मशीनची टूं-टूं सूर सोडून खाली खाली जाते. आमच्या धंद्यातल्या माणसाला झोपेतसुद्धा तो आवाज ओळखू येतो. सरांना हाक मारली. त्यांनी माझ्या हातातलं पातं काढून घेतलं, मास्क लावला, श्वास आत गेला, पाच-सात मिनिटांत स्कोलीन उतरलं आणि माणूस स्वतःहून श्वास घ्यायला लागला. सर एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी मला त्या माणसाच्या खाटेशी नेलं, त्याच्या गालात बोट घालायला लावलं आणि विचारलं, "हा स्नायू लागतोय का तुला?"

तो स्नायू नव्हता. गालाच्या आतल्या पातळ कातड्याखाली दोरीसारख्या उभ्या पट्ट्या तयार झाल्या होत्या. सुपारीतल्या द्रव्यांनी तिथे जून व्रणासारखे तंतू साठत जातात आणि गाल चामड्यासारखा ताठ होतो. त्या ताठरपणाला भुलीचं कुठलंच औषध सैल करू शकत नाही. दाताचे डॉक्टर याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. हे नाव १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी दिलं. त्याच्या आदल्या वर्षी श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियात राहणाऱ्या भारतीय बायकांच्या तोंडात हेच पाहून लिहिलं होतं. म्हणजे सुपारी समुद्रापार गेली आणि तिच्यामागे हा रोगही गेला. इथे एक गोष्ट खास सांगते, कारण नागपुरात ती उलटी समजली जाते: यात मोठी गुन्हेगार सुपारी आहे. "तंबाखू सोडला, आता नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्याचं तोंडही मिटतच जातं. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारा खर्रा कुठे थांबला? आणि खर्रा म्हणजे मुख्यतः सुपारीच, वर तंबाखू आणि चुना.

सुरुवात कशी होते तेही तुमच्या मुलांसाठी लिहून ठेवते. आधी तर्री पोहे झोंबायला लागतात. कालपर्यंत सावजी रस्सा ओरपणारा माणूस "आजकाल तिखट सहन होत नाही" म्हणतो आणि घरचे म्हणतात वय झालं. मग गाल पांढुरके पडतात, शिट्टी वाजेनाशी होते, फुगा फुगत नाही. मग पोळीचा घास लहान लहान करत जावा लागतो.

तर मॅडमना खर्रा सोडल्याची थाप मारून मिस्टरांनी काही मिळवलं नाही. तोंडाने आधीच सगळं सांगितलं होतं. पट्टी काढली ती उगाच नव्हे. पण एका गोष्टीपुरती ती थाप महागात पडेल, ती म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी सकाळी. ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, दारात गालात खर्रा धरून आलेली माणसं मी पाहिली आहेत. सुपारीचा तुकडा दुर्बिणीच्या वाटेत आला किंवा श्वासनलिकेत पडला तर काय होईल, विचार करा. जड, तेलकट जेवण आठ तास आधी बंद, हलकं खाणं सहा तास आधी, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. तुमच्या मॅडमनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. खर्रा या कुठल्याच खान्यात बसत नाही. आजपासूनच बंद करता आला तर फारच बरं, कारण तलफेचे पहिले तीन-चार दिवस वाईट असतात, ते ऑपरेशनच्या खाटेवर नको यायला. चिडचिड होईल, हिशेब चुकतील, तुमच्यावर ओरडतील. तेवढं सोसा.

सासूबाईंचा सल्ला वाईट नाही. पाठीतल्या इंजेक्शनवर पुष्कळ ऑपरेशनं होतात, पित्ताशयाचीही काही ठिकाणी करतात. पण पोटात गॅस भरला की खांदा दुखतो, छाती दाबल्यासारखी होते, जागा माणूस घाबरतो. आणि इंजेक्शनचा असर पुरेसा चढला नाही, किंवा नको तितका वर चढला, तर मधेच झोपवून नळी घालायची वेळ येते. पोट उघडं, माणूस घाबरलेला, आणि तोंड तेच सोळा मिलिमीटर. पाठीतल्या इंजेक्शनने गळ्याची अडचण पुढे ढकलली जाते, सुटत नाही. मॅडमनी हा विचार केला नसेल असं मला वाटत नाही. विचारून बघा, त्या सांगतील.

आणि मित्राचा तो दुसरा दवाखाना. तिथे "सरळ झोपवून करतात" हे त्यांनी मिस्टरांचं तोंड न पाहताच ठरवलेलं आहे. पाहिल्यावर तिथला भूलतज्ज्ञही बहुधा हेच म्हणेल, आणि नाही म्हणाला तर तिथून निघा. ब्रिटनमध्ये वर्षभर देशभरातल्या दवाखान्यांतून श्वासमार्गाच्या गंभीर घटनांची नोंद ठेवली, त्याचा अहवाल २०११ मध्ये आला. वर्षाला सुमारे २९ लाख भुली, त्यात भुलीच्या वेळी १३३ गंभीर घटना आणि १६ मृत्यू. म्हणजे भूल ही फार सुरक्षित गोष्ट आहे, उगाच घाबरू नका. पण त्याच अहवालात हेही आहे की काही रुग्णांत जागेपणी नळी घालायची गरज समोर दिसत होती आणि तरी त्यांना आधी झोपवलं गेलं. तुमच्या मॅडम ती चूक करायला तयार नाहीत, एवढंच त्यांनी तुम्हाला सांगितलं.

मिस्टरांना खरी भीती आहे ती "जागेपणी" या शब्दाची. त्यांच्या डोळ्यांपुढे बांधून ठेवलेला माणूस आणि नाकात खुपसलेली पाइप आहे. तसं नसतं. त्यांना हा भाग वाचून दाखवा.

आधी एक इंजेक्शन मिळेल, त्याने तोंड कोरडं ठाक पडेल, वैशाखात वर्धा रोडवरून चालत आल्यासारखं. ते मुद्दाम असतं, लाळेत दुर्बिणीला दिसत नाही. दोन्ही नाकपुड्यांत सर्दीला घालतात तसे थेंब, म्हणजे नाक मोकळं होतं आणि रक्त येत नाही. मग दम्याच्या पोरांना देतात तशी वाफ, तिच्यात औषध म्हणून लिग्नोकेन, दात काढताना हिरडी बधिर करतात तेच. मग नाकात आणि घशात त्याचेच फवारे. चव कडू असते. थोड्या वेळाने घसा आपला नाहीच असं वाटायला लागतं. गिळलेलं कळत नाही, आणि श्वास अडकला की काय अशी शंका येते. इथेच माणसं घाबरतात, म्हणून आधीच सांगून ठेवा: श्वास चालूच असतो, फक्त तो जाताना जाणवत नाही. दुसऱ्या नाकपुडीतून ऑक्सिजन चालू राहतो. शिरेतून गुंगीचं औषधही थोडं देतात, डोळे जड होतील पण हाक मारली की ओ देता येईल इतकंच. जास्त वेळ या बधिर करण्यातच जातो, आणि तिथे घाई करणाऱ्याची दुर्बीण नंतर अडते.

दुर्बीण म्हणजे पेन्सिलीहून बारीक, वळणारी दोरी. तिच्यावर नळी आधीच ओवलेली असते. मजा म्हणजे अशी दुर्बीण पहिल्यांदा नाकातून घालून नळी बसवली ती १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर मर्फी या भूलतज्ज्ञाने, आणि त्याने वापरलेली दुर्बीण पित्तनलिका पाहण्यासाठी बनवलेली होती. तुमच्या मिस्टरांचं पित्ताचंच दुखणं आहे, त्यांना सांगा, थोडं हसतील. दुर्बीण नाकातून मागे, मग खाली जाते. पडद्यावर दोन पांढऱ्या स्वरतंतूंची फट दिसते. "लांब श्वास घ्या" म्हटलं की ती फट रुंदावते आणि दुर्बीण आत सरकते. तिथे काही सेकंद जोरात खोकला येतो. येऊ द्यावा, धडपडू नये. मग नळी खाली सरकते आणि त्या क्षणी आवाज बंद होतो, कारण स्वरतंतूंच्या मधे नळी आली. मॅडम मशीनवर उच्छ्वासाची लाट पाहतील, ती नीट आली की लगेच शिरेतून औषध आणि झोप. पुष्कळ जणांना नंतर यातलं फारसं आठवत नाही. मला तर एकाने दुसऱ्या दिवशी विचारलं होतं, "मॅडम, ती जागेपणीची नळी कधी घालणार?"

शंभरात एक-दोनदा असं होतं की जागेपणीही नळी बसत नाही. रक्त आलं, खोकला थांबत नाही, माणूस सहन करू शकत नाही. मग काय? मग दुर्बीण बाहेर काढतात. माणूस जागा आहे, स्वतः श्वास घेतोय, कुणाच्या मिनिटांचा हिशेब चालू नाही. सगळे बसून विचार करतात, त्या दिवशी घरी पाठवतात किंवा दुसरा मार्ग ठरवतात. जागेपणाचा सगळा फायदा या एका गोष्टीत आहे.

गळ्याच्या छिद्राची सही त्यासाठीच. तो दुसरा मार्ग ठरवून, जागा बधिर करून, माणूस जागा असताना शांतपणे करता येतो, आणि गरज संपली की छिद्र भरून येतं. तीच गोष्ट झोपलेल्या, निळ्या पडत चाललेल्या माणसावर घाईत करणं म्हणजे जीव टांगणीला लावणं. सही घेतली याचा अर्थ छिद्र करणारच असं नाही. हा कागद समोर न ठेवता तोंडी "काही होत नाही हो" म्हणणाऱ्यापेक्षा सही मागणाऱ्या मॅडमवर मी जास्त विश्वास ठेवीन. तरी मनाच्या समाधानासाठी त्यांना विचारा: दुर्बीण त्या दवाखान्यातली आहे की बाहेरून आणणार, त्या दिवशी दुसरा अनुभवी भूलतज्ज्ञ सोबत असेल का, आणि गळ्याचं करायची वेळ आली तर ते करणारा सर्जन सुरुवातीपासून ओटीत उभा असेल का. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. दुर्बिणीची सोय तिथे नसेल तर मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), मेयो किंवा एम्ससारख्या मोठ्या दवाखान्यात चौकशी करायला त्या स्वतःच सांगतील.

एक गोष्ट बहुतेकदा सांगायची राहून जाते. नळी काढतानाही मिस्टरांना बऱ्यापैकी जागं केल्याशिवाय काढणार नाहीत. डोळे उघडा, हात दाबा, मान उचला, हे सगळं करून घेतील. मिनिटभर नळी घशात असल्याचं कळेल, बोलता येणार नाही. त्यांना हे माहीत असू द्या, म्हणजे हात मारून नळी ओढणार नाहीत. नंतर दोन-तीन दिवस घसा खवखवेल, आवाज बसेल, नाकातून थोडं रक्तमिश्रित पाणी येईल. त्याहून जास्त काही झालं, श्वास घेताना घरघर किंवा थुंकीत ताजं रक्त, तर लगेच सांगा.

घरी सोडताना मॅडमकडून या वेळी त्या चार ओळी लिहून घ्याच. तोंड किती, मास्क चालला का, नळी कशी आणि कुठल्या नंबरची बसली. कागदाचा फोटो मिस्टरांच्या फोनमध्ये, तुमच्या फोनमध्ये आणि मुलीच्याही फोनमध्ये ठेवा. उद्या देव न करो, अपघात झाला आणि बेशुद्ध अवस्थेत नेलं, तर तो फोटो दाखवायला कुणीतरी हवं.

ऑपरेशनची जखम भरली की मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात तोंड दाखवा. तोंड उघडण्याचा व्यायाम, गालात इंजेक्शनं, वेळ पडली तर पट्ट्या कापणं, असे उपाय आहेत. पण खर्रा चालू ठेवून यातला एकही लागू पडत नाही. आणि या रोगातून तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका असतो, हे मी गोड करून सांगणार नाही. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर पित्ताशयासाठीही थांबू नका, आधी ते दाखवा.

आता दाढी. मॅडमनी उगाच म्हटलेलं नाही. दाट दाढीवर मास्क नीट चिकटत नाही, कडेने हवा निसटते, आणि वर सांगितलंच की तुमच्या मिस्टरांकडे तोंडाबाहेरची एकच पायरी शिल्लक आहे ती मास्कची. पूर्ण काढता आली तर उत्तम. अगदीच मन धजत नसेल तर कात्रीने पार बारीक करा आणि मॅडमना विचारा. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून किंवा जेली फासून काम भागवता येतं, पण ते चालेल की नाही हे चेहरा पाहून त्याच ठरवतील. फक्त हे आदल्या दिवशी बोला. ओटीच्या दारात, गाऊन घातल्यावर, नवसाची गोष्ट काढू नका.